ऑप्शन फॉर्म, कन्ना चौक

मेरगू शैलजा अंबादास.
डिप्लोमा इलेक्ट्रिकल, एक्क्याऐंशी पॉइंट चार.
थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.
इरण्णा की-बोर्डवरची बोटं थांबवून विचारतो,
ताई, एक नंबरला काय टाकू?

कॅलेंडरवर श्रावण आहे.
कन्ना चौकात मात्र डांबर मऊ पडलंय.

भावजींचा फोन सकाळीच येऊन गेला, हिंजवडीहून:
कंप्युटरच टाक, दुसरं बघूच नको,
इलेक्ट्रिकलवाले शेवटी आमच्याकडं येऊन कोडिंगच करतात.
त्यांचं चुकत नाही. त्यांचं सहसा चुकतच नाही,
म्हणून त्यांच्याशी बोलून झालं की मला भूक लागते.

उन्हाळ्यात दोन महिने नबीलालचाचांच्या दुकानात बसले,
मोटार रिवाइंडिंग, अक्कलकोट रोड.
तांब्याची तार मोजत गुंडाळायची, बेचाळीस वेढे,
मध्येच कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून.
जळलेल्या वाइंडिंगचा वास चाचांनी नाकाला शिकवला:
करपलेल्या गुळासारखा, पण मागून कडू.
गिऱ्हाईक विचारायचं, चाचा, मिस्त्री कुठाय?
चाचा माझ्याकडं बोट दाखवायचे
आणि गिऱ्हाईक मोटार घेऊन
आणखी थोडा वेळ उभंच राहायचं.

आणि कंप्युटर?
त्याचंही वाकडं काही नाही.
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये एकदा
आपोआप दिवा लावणारा प्रोग्राम लिहिला.
एका स्वल्पविरामापायी तीन तास गेले.
दिवा लागला तेव्हा शिपाई कुलूप घेऊन दारात होता
आणि मी एकटीच हसत होते, मोठ्यानं.
तसं हसू मोटारीनं मला अजून दिलेलं नाही.

हे घरात कुणाला सांगायचं?
अम्मा हजार विड्या मोजून देते, तिला आकडे कळतात:
फी किती, होस्टेल किती, हातात पैसे कधी.
नाना जेकॉर्डवर चादर काढतात,
पुठ्ठ्याला भोक असेल तिथं दोरा उचलतो, नसेल तिथं नाही.
मी म्हटलं होतं, नाना, कंप्युटरपण हेच करतो.
ते म्हणाले, मग त्याला मजुरी किती पडते?

काल रात्री त्यांनाच विचारलं.
जेवण थांबवलं नाही त्यांनी. नी इष्टम्, म्हणाले,
आणि शेंगाचटणी माझ्याकडं सरकवली.
तुझी इच्छा.
मी ताटात बघत बसले, जणू ती तिथं वाढलेली असेल.

इरण्णा दोनदा खोकलाय. मागं रांग आहे.
हायवेवरचं नवं कॉलेज, कंप्युटर.
सांगलीचं जुनं, इलेक्ट्रिकल.
वर-खाली करते. खाली-वर.
एम-थ्री दोन्हीकडं आहे, सुटका नाही.
टाक, म्हणते. इलेक्ट्रिकल एक नंबर.
का, ते मला नीट सांगता येणार नाही,
वास आठवला, एवढंच.
दोन नंबरला कंप्युटर.
आणि तेही खरंच हवंय, इरण्णा,
रकाना भरायचा म्हणून नाही.

ओटीपी नानांच्या मोबाइलवर.
फोन लावते. शेडमधला खडखडाट,
त्यात कुठंतरी नाना: ऐकू येईना!
मग दोन्ही माग थांबले.
पाळी चालू असताना, चादर अर्ध्यात असताना.
एकोणीस वर्षांत मी ती शांतता ऐकली नव्हती.

नालुगु, नाना वाचतात, चष्म्याशिवाय. सुन्ना. एडु.
परत एडु. रेंडु.
थांब... तोम्मिदि.
मी इरण्णाला मराठीत सांगते, एकेक करून.

झालं?
झालं.

काय टाकलंस, ते विचारतील म्हणून फोन कानाला धरून ठेवते.
पलीकडं खटका पडतो, मोटार उचल घेते,
आणि घरघरीच्या खाली एक बारीक किणकिण.
नाना, म्हणते मी, बेअरिंग वाजतंय,
रविवारी खोलून बघते.
पण तोवर ते मागाकडं गेलेले असतात,
फोन तसाच चालू.